विषय: एकटीने क्रूझ – कुणी गेलंय का?

नमस्कार मंडळी,

निवृत्तीनंतर सात रात्रींच्या क्रूझचं मनात आहे, सोबत मात्र कुणी नाही. जाहिरातीतला आकडा पाहून हुरूप आला. 'प्रवासी: 1' भरलं तर तोच आकडा जवळजवळ दुप्पट! माझं काही चुकतंय का? आणि रोज एकटीने जेवायला बसायचं म्हणजे... जरा कसंतरीच वाटतं.

---

ताई,

चूक तुमची नाही. जाहिरातीतलं भाडं केबिनमध्ये दोघं राहणार हे धरून माणशी लावलेलं असतं. एकटीने गेलं की रिकाम्या पलंगाचेही पैसे आपणच भरायचे. याला सिंगल सप्लिमेंट म्हणतात आणि तो 100 टक्क्यांपर्यंत जातो. 2010 मध्ये 'नॉर्वेजियन एपिक' जहाजावर एकट्यांसाठी 128 स्टुडिओ केबिन आल्या: जेमतेम 100 चौरस फूट, समुद्राकडे खिडकी नाही, पण एकट्यांचा स्वतंत्र लाउंज. आता इतरही कंपन्या अशा केबिन देतात. त्या लवकर संपतात, आणि कधीकधी साधी आतली (बिनखिडकीची) केबिन सप्लिमेंटसकट स्वस्त पडते. टिप आणि कर धरून एकूण रकमा ताडून बघा.

जेवणाची काळजी सोडा. ठरलेल्या वेळेचं जेवण निवडा आणि मोठं टेबल मागा, म्हणजे रोज तीच मंडळी सोबत. तिसऱ्या दिवशी तुम्ही आला नाहीत तर चौकशी होईल. मंडळी पटली नाहीत तर सरळ टेबल बदलून मागायचं, भीड कसली!

खरी काळजी बंदरात घ्यायची. आपण परतलो नाही हे लक्षात आणून देणारं केबिनमध्ये कुणी नसतं. माझ्या फोनने एकदा आपण होऊन स्थानिक वेळ दाखवली, जहाजाची वेळ तासाने पुढे होती. धक्क्यावर पोचले तेव्हा शिडी काढायची तयारी चालली होती. (त्या वयात इतकं धावता येतं हे तेव्हाच कळलं.) जहाजाची स्वतःची सहल घेतली तर तिला उशीर झाल्यास जहाज थांबतं, आपले आपण फिरलो तर थांबत नाही आणि पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं. म्हणून पासपोर्टची प्रत आणि जहाजावर रोज मिळणाऱ्या पत्रकात छापलेला पोर्ट एजंटचा (म्हणजे बंदरातल्या जहाज कंपनीच्या प्रतिनिधीचा) नंबर पर्समध्ये हवाच. वैद्यकीय खर्च वेगळा लागतो, विमा विसरू नका.

---

वरच्या मेलला जोडून: बोट लागत असेल तर खालच्या डेकवरची, मधली केबिन घ्या. तिथे हेलकावे सर्वांत कमी.

---

सर्वांचे आभार. आतली, मधली केबिन घेतली, मोठं टेबलही मागितलंय. आणि जुन्या मनगटी घड्याळात आजच नवा सेल घालून आणला.