व्हॅन गॉगच्या शैलीतलं स्व-चित्र: रंगांचा चिखल का होतो?

प्रश्न: आठवीचा वर्ग, ए३ कागद, ऑइल पेस्टल. आधी डच चित्रकार व्हॅन गॉग, मग क्युबिझम (एकाच चेहऱ्याच्या वेगवेगळ्या बाजू तुकड्यांत एकत्र दाखवणारी शैली) अशा दोन शैलींत प्रत्येकाने स्वतःचा चेहरा काढायचाय. पहिल्यातच सगळं मातकट होतं. काय चुकतंय?

उत्तर १: मुलं बोटाने घासत असणार. ते आधी बंद करा. व्हॅन गॉगच्या १८८९ च्या एका स्व-चित्रात निळसर-हिरव्या पार्श्वभूमीवर केशरी दाढी उठून दिसते, कारण ते रंग शेजारी आहेत, कालवलेले नाहीत. १-२ सेंमीचे सुटे फटकारे, गालाच्या गोलाईने वळणारे. मध्ये कागद दिसू द्या. फिकट आधी, गडद नंतर. आणि खडूचं टोक दर वेळी चिंधीला पुसायचं. याचा कंटाळा केला की चिखल ठरलेलाच.

उत्तर २: क्युबिझमसाठी थेट चित्र नकोच. समोरून आणि बाजूने असे दोन फोटो, ए४ झेरॉक्स, ८-१० सरळ कडांचे तुकडे. डोळे समोरचे, नाक बाजूचं. चिकटवून मग ट्रेस करा. तुकडे वीसवर गेले की चेहराच हरवतो.

उत्तर ३: शैली कुठलीही असो, कच्च्या रेखाटनात डोळे डोक्याच्या निम्म्या उंचीवर हवेत, मुलं ते कपाळात चढवतात. आरशात बघून काढलं तर भांग उलटा येणार, तो खोडायला लावू नका. व्हॅन गॉगनेही आरशात बघूनच काढलं: त्याने कापून घेतलेला कान डावा होता, चित्रात पट्टी उजव्या कानाला दिसते.