प्रतिसाद: आयपीएक्स-७ असला तरी पिशवी घ्याच

कयाकवर न्यायचा सागरी व्हीएचएफ रेडिओ आयपीएक्स-७ (पाण्यात बुडाला तरी पाणी आत न शिरण्याचा दर्जा) असेल, तर त्याला वेगळी वॉटरप्रूफ पिशवी कशाला, असं एकानं विचारलंय. त्या दर्जाची चाचणी १ मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटांची असते. लाटांचा मारा आणि मीठ त्यात धरलेलं नाही. मी भंडाऱ्याकडचा, वैनगंगेत डोंगा वल्हवत शिकलो, आता कयाकिंगला मालवणला जातो. निघण्याआधी पिशवीत कोरडा टिश्यू ठेवून ती विटेखाली रात्रभर टाक्यात बुडवतो. सकाळी टिश्यूचा कोपरा जरी दमट लागला, तरी पिशवी बाद! रेडिओ तरंगणारा घ्या, पण दोरी लाइफ जॅकेटलाच बांधा. उलटलेली कयाक वाऱ्यानं लांब जाते, रेडिओ तिच्यासोबत जायला नको. परतल्यावर गोड्या पाण्यानं धुवा, चार्जिंगच्या टोकांवर मीठ बसतं. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात मात्र चॅनल १६ (समुद्रावर मदत मागायचा रेडिओ चॅनल) ऐकायला कुणी बसलेलं नसतं, तिथं पिशवीत फोनच ठेवा.