पहिल्याच कन्सल्टिंगच्या नोकरीत दहा महिन्यांत कंटाळा: काम बदलून घ्यावं की नोकरी सोडावी?

नवा_ॲनालिस्ट:

इंजिनिअरिंग करून मॅनेजमेंट कन्सल्टिंगमध्ये ॲनालिस्ट, पुणे, दहा महिने. क्लायंट साबण-बिस्किटं अशा रोजच्या वस्तू विकणारी कंपनी. माझ्याकडचं काम: ११ डेपोंच्या विक्रीच्या एक्सेल फाइल्स दर महिन्याला एकत्र करणं, डेकमधले (क्लायंटला दाखवायच्या स्लाइड्सच्या संचातले) आलेख बदलणं, बैठकांचे मिनिट्स. दिवसभर रिव्ह्यूची वाट बघायची, रात्री साडेनऊला शेरे येतात, मग एकपर्यंत स्लाइड्स. मुलाखतीत ज्याला स्ट्रॅटेजी म्हटलं होतं ते कुठेच दिसत नाही, आणि मागच्या डेकचं पुढे काय झालं हेही कळत नाही. घरचे म्हणतात, दोन वर्षं काढ.

हा कंटाळा कामाचा आहे की क्षेत्राचा, हे ओळखायचं कसं? आणि सोडायचं ठरलं तर आधी काय तपासायचं?

वाटाड्या:

आधी मोजा, मग ठरवा. दोन आठवडे दर अर्ध्या तासाला एक अक्षर लिहायचं: 'थ' म्हणजे कुणाची तरी वाट बघत थांबणं, 'य' यांत्रिक काम, 'प' तेच काम परत करणं, 'ब' बैठक, 'व' विचार लागला असं काम. लगेच लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलं तर 'थ' हमखास कमी धरला जातो, कारण वाट बघताना माणूस मेल चाळत असतो आणि त्यालाच काम समजतो.

'थ' आणि 'प' मिळून निम्म्याच्या वर गेले तर दुखणं क्षेत्राचं नाही, टीम चालवण्याच्या पद्धतीचं आहे. त्यावर इलाज आहे. स्लाइड बनवायला घेण्याआधी कागदावर तिचा सांगाडा काढा: वर एका वाक्यात निष्कर्ष, खाली कोणता आलेख, दोन्ही अक्षांवर काय, आकडा कुठून येणार. फोटो काढून मॅनेजरला सकाळी ११ च्या आत पाठवा. रात्रीचे बहुतेक शेरे रंग-फॉन्टचे नसतात. स्लाइडने नेमकं काय म्हणायचं हे मॅनेजरचंच ठरलेलं नसतं, आणि ते तयार स्लाइड समोर आल्यावर ठरतं. सांगाड्यावर ठरलं तर पाच मिनिटांचं काम, तयार स्लाइडवर ठरलं तर तीन तासांचं. सोबत रोज संध्याकाळी पाचला १५ मिनिटांचा रिव्ह्यू कॅलेंडरवर टाकून घ्या. नुसतं 'लवकर रिव्ह्यू द्या' म्हणून काही होत नाही, वेळ अडवावी लागते.

'व' महिनाभरात चार-पाच तासही निघत नसेल तर मात्र प्रोजेक्ट बदलून मागा. मागायची वेळ म्हणजे चालू प्रोजेक्ट संपायच्या तीन-चार आठवडे आधी. बेंचवर, म्हणजे हातात प्रोजेक्ट नसताना, आल्यावर मागितलं की युटिलायझेशन (प्रोजेक्टवर लागलेल्या वेळेचं प्रमाण) भरून काढण्यासाठी जे समोर असेल ते गळ्यात पडतं. आणि 'काहीतरी वेगळं द्या' असं लिहू नका. 'किंमत ठरवण्याचं किंवा कारखान्याच्या खर्चाचं काम हवं, अमुक तारखेपासून मोकळा आहे' असं लिहा.

आकडेमोड:

वरचं पटलं, पण त्या ११ फाइल्सना कमी लेखू नका. हाताने चिकटवत असाल तर ते आज थांबवा. सगळ्या फाइल्स एका फोल्डरमध्ये ठेवा, एक्सेलमध्ये डेटा, गेट डेटा, फ्रॉम फाइल, फ्रॉम फोल्डर, मग कंबाइन अँड ट्रान्सफॉर्म. पुढच्या महिन्यात फाइल्स बदलायच्या आणि रिफ्रेश दाबायचं.

बिघडतं ते इथे. पॉवर क्वेरी, म्हणजे एक्सेलमधली हे एकत्र करणारी सोय, नमुन्याची एक फाइल धरते आणि तिच्यातलेच रकाने बाकीच्यांत शोधते. एखाद्या डेपोने 'बिल रक्कम'चं 'बिल अमाउंट' केलं की त्याच्या रांगा येतात, पण रक्कम रिकामी, आणि एररसुद्धा येत नाही. नाव बदलण्याची पायरी नमुन्याच्या क्वेरीतच (प्रत्येक फाइलवर चालणाऱ्या पायऱ्यांच्या यादीत) घाला आणि तिथे मिसिंगफील्ड डॉट इग्नोअर (रकाना नसेल तर सोडून दे) वापरा, म्हणजे ते नाव नसलेल्या फाइल्स अडकत नाहीत. शीटचं नाव वेगळं असेल तर मात्र एरर येते, ती परवडली.

दुसरं, 'चेंज्ड टाइप' ही आपोआप येणारी पायरी काढून टाका. मजकूर म्हणून आलेला ००४५१७ हा माल-कोड ती ४५१७ करते आणि मग मास्टरशी (मालाच्या मूळ यादीशी) जुळत नाही. मजकूर म्हणून आलेल्या तारखांना युजिंग लोकेलमधून इंग्लिश (इंडिया) द्या, नाहीतर अमेरिकी सेटिंगच्या लॅपटॉपवर ३ एप्रिलचा ४ मार्च होतो. शेवटी एक तपासणीची शीट: डेपोवार रांगांची संख्या आणि रकमेची बेरीज, मूळ फाइलमधली आणि एकत्र केलेली, फरक शून्य. एखादा डेपो लाखांत आकडे देत असेल तर फरक शून्यच येतो, पण त्याची बेरीज बाकी डेपोंच्या मानाने फारच लहान दिसते, म्हणून तोही इथेच पकडला जातो.

आता खरं काम. बिलाच्या तारखेप्रमाणे पिव्होट (एक्सेलचा गोषवारा तक्ता) करा आणि महिन्याचे शेवटचे तीन दिवस बघा. तीसपैकी तीन दिवस म्हणजे साधारण दहावा हिस्सा; तिथे महिन्याची ४० टक्के विक्री दिसली तर पुढच्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यातल्या क्रेडिट नोट (परत आलेल्या मालाची रक्कम वजा केल्याच्या नोंदी) उघडा. तोच वितरक, तोच माल-कोड, माल परत. टार्गेट गाठायला माल वितरकाच्या गोदामात ढकलला जातोय, दुकानात जात नाहीये. डेकमध्ये 'विक्री वाढली' असं जे लिहिलं जातं ती कंपनीकडून वितरकाला झालेली प्रायमरी विक्री असते. वितरकाकडून दुकानाला किती गेलं ती सेकंडरी. दोन्ही शेजारी मांडून वितरकाकडे किती दिवसांचा साठा पडून आहे ते काढा, आणि पाठवण्याआधी डेपोच्या अकाउंटंटला फोन करून कारण विचारा. सणाआधीची मागणी असेल, भाववाढीच्या आधीची उचल असेल किंवा खरोखर ढकलाढकली असेल. हे त्या माणसाला ठाऊक असतं, एक्सेलला नाही. हा आकडा ज्याने शोधला त्याला पुढच्या बैठकीत बसवावंच लागतं.

एक कळकळीची सूचना. वेळ वाचवायला क्लायंटच्या फाइल्स बाहेरच्या एआय साइटवर टाकू नका. गोपनीयतेच्या करारावर तुमची सही आहे. आणि वाचलेल्या दोन दिवसांचं काय करायचं ते मॅनेजरला तुम्हीच सुचवा, नाहीतर दुसऱ्या कुणाच्या फाइल्स येतील.

गवती_चहा:

डेकचं पुढे काय झालं, याबद्दल: प्रोजेक्टच्या करारात बहुधा शिफारशीपर्यंतचंच काम असतं, अंमलबजावणी नसते. म्हणून सुरुवातीलाच तीन गोष्टी विचारून ठेवा: निर्णय कोण घेणार, कोणत्या बैठकीत, कोणत्या तारखेला. उत्तर नसेल तर ते डेक कपाटात जाणार हे आधीच समजतं, आणि त्यासाठी रात्री किती जागायचं तेही. 'मग अंमलबजावणीचंच काम मागतो' असं पटकन ठरवू नका. तिथे नवख्याच्या वाट्याला ट्रॅकर येतो: ८० ओळी, लाल-पिवळा-हिरवा, दर सोमवारी. क्लायंटच्या जागेवर, गोदामात किंवा दुकानांत बसायचं असेल तरच घ्या.

सही_आणि_शिक्का:

सोडण्याच्या बाजूचं. नेमणूकपत्र काढून नोटिस पिरियड किती, तो पैसे भरून कमी करता येतो का, आणि ते पैसे बेसिकवर की पूर्ण पगारावर, हे वाचा. जॉइनिंग बोनस ठरावीक महिन्यांच्या आत सोडल्यास परत मागतात. तो करापूर्वीचा की हातात आलेला, ते एचआरकडून मेलवर लेखी घ्या, दोन्हींतला फरक आपल्याच खिशातून जातो.

'बॉन्डला काही अर्थ नसतो' हे अर्धवट खरं आहे. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे कामाला जाण्याची बंदी १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २७ पुढे टिकत नाही. पण विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये तीन वर्षांच्या आत सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. सही केली असेल तर ती रक्कम हिशेबात धरा.

पीएफ काढू नका, त्याच यूएएनवर (पीएफच्या कायमच्या नंबरवर) नव्या कंपनीत ट्रान्सफर करा. सलग पाच वर्षं होण्याआधी काढला तर कर लागतो; ट्रान्सफर केला तर आधीची नोकरी त्या पाच वर्षांत धरली जाते. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम नोकरीबरोबर संपतो, आणि आईवडील त्यात असतील तर तेही उघडे पडतात. राजीनाम्याआधी वेगळी पॉलिसी घ्या, किंवा त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं का ते विचारा.

कॅट (एमबीएची प्रवेशपरीक्षा) द्यायची असेल तर राजीनामा देऊन अभ्यासाला बसू नका. पेपर दोन तासांचा, तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं. नोकरी सांभाळून सकाळच्या दीड तासात तयारी होते, आणि प्रवेशाच्या मुलाखतीत मधल्या रिकाम्या महिन्यांबद्दल विचारतातच.

नवा_ॲनालिस्ट:

सर्वांचे आभार. सोमवारपासून अर्ध्या तासाची नोंद सुरू करतो. @आकडेमोड, क्रेडिट नोटवर मूळ बिलाचा नंबर नसेल तर जुळवायचं कसं?

आकडेमोड:

वितरक कोड, माल-कोड आणि बॅच नंबर जोडून एक किल्ली बनवा आणि मागच्या ४५ दिवसांतल्या बिलांशीच जुळवा. एकापेक्षा जास्त बिलं सापडली तर शेवटचं धरा आणि अशा रांगांना वेगळा रंग द्या. बॅच नंबर डेपोच्या फाइलमध्ये नसेल तर गोदामाच्या आवक रजिस्टरमधून मागा.