उभ्याने चालवायची फोर्कलिफ्ट : वळताना पाय बाहेर जातो

प्रश्न : इतके दिवस बसून चालवायची फोर्कलिफ्ट (गोदामात माल उचलायची गाडी) चालवली, आता उभ्याची दिलीये. वळताना तोल जातो आणि पाय नकळत बाहेर येतो. काय करू?

उत्तर १ : आधी स्पीड कमी कर भाऊ. स्टीअरिंग मागच्या चाकाला असतं त्यामुळे वळताना मागचा भाग बाहेर फेकला जातो, आणि रॅक नि गाडीच्या मधे पाय सापडला तर पाऊल चिरडतं, मी हे डोळ्यांनी पाहिलंय म्हणून कळकळीने सांगतोय. बऱ्याच मॉडेलला पायाखालचं पेडल दाबलेलं असेल तरच गाडी चालते, सोडलं की ब्रेक, ते पेडल कुणी बांधून ठेवलं असेल तर गाडी घेऊच नको. चालवताना फोर्क (माल उचलायचे पुढचे दांडे) जमिनीपासून १०-१५ सेमीवरच ठेव.

उत्तर २ : एक राहिलं. बसायची गाडी कलंडायला लागली तर पट्टा लावून आतच धरून बसायचं शिकवतात ना, मागून चढायच्या, उभ्याने चालवायच्या गाडीत उलट आहे, मागे पाऊल टाकून बाहेर पडायचं.

प्रश्नकर्ता : हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! उद्याच सुपरवायझरकडे ट्रेनिंग मागतो.