शब्दचर्चा: 'दृष्टिपथ', 'हाता' आणि फुटाळा

वर्धारोडकर: एका फलकाचा मजकूर मराठीत करतोय. नागपूरची भोसलेकालीन तेलंगखेडी बाग, समोर फुटाळा तलाव, आणि मधली जागा मोकळी राखायची, म्हणजे तलाव दिसत राहील. आधीच्या भाषांतरात या मोकळ्या पट्ट्याला 'दृश्य मार्गिका' म्हटलंय. लोकांना वाटेल मेट्रो येतेय. 'देखावा' चालेल का?

महालकर: नका करू. देखावा गणपतीत असतो, नाहीतर सोयऱ्यांसमोर. 'तेलंगखेडीचा देखावा जपा' वाचून लोक थर्माकोल शोधतील.

जुनी_शुक्रवारी: 'दृष्टिपथ' तयारच आहे की. नजर जाते ती वाट. १८१७ मध्ये इंग्रजांनी रेसिडेन्सी (त्यांच्या वकिलाची कोठी) आणि शहर यांच्या मधल्या सीताबर्डीच्या टेकड्या आधी धरल्या, त्या काय हवा खायला? नजर जावी म्हणूनच. आता त्याच टेकडीच्या पायथ्याशी मेट्रोचं इंटरचेंज आहे.

महालकर: पण पेपरवाल्यांनी तो शब्द काळाला जुंपला ना. 'तोडगा दृष्टिपथात' म्हणजे लवकरच निघणार. 'फुटाळा दृष्टिपथात' वाचून कोणी विचारेल, काहून, हरवला होता का?

संत्राबर्फी: मजकुरात 'इस्टेट' असेल तर तोही काढा. मराठीत इस्टेटीवरून भाऊ कोर्टात जातात, तिच्यात झाडं नसतात. 'परिसर'ही नको. अपघात परिसरातच होतो आणि कार्यक्रमही परिसरातच, हद्द कुठे संपते ते कळत नाही. बांधकामवाल्याला तेच पाहिजे असते. 'हाता' घ्या. मूळ अरबी 'इहाता', वेढणं. त्याचा अहाता, मग हाता. सिव्हिल लाइन्समधल्या बंगल्याचा हाता म्हटलं की कुंपण, विहीर, झाडं, फाटकापासूनची वाट, सगळं आत येतं.

जुनी_शुक्रवारी: हाता आता फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरला. आणि 'बाग' तर आपल्याकडे पत्ता झालाय. महाराजबागेत निदान झाडं आणि प्राणी आहेत. रेशीमबाग म्हटलं की डोळ्यापुढे मैदान येतं. (जुम्मा तलावाचा शुक्रवारी झाला तेव्हा अर्थ तरी तोच राहिला. पुढे गांधीसागर झाला.)

वर्धारोडकर: ठरलं. 'हाता' आणि 'दृष्टिपथ'. खाली साधी ओळ देतो: 'इथून तलाव दिसतो. मधे काही उभारू नये.'

महालकर: मग वरचे जड शब्द हवेत कशाला?

वर्धारोडकर: फलकाला नकोतच, भाऊ. पण हाच मजकूर पुढे नियमावलीत जायचा आहे, आणि तिथे 'दिसतो' चालत नाही. नाम लागते.