मदत हवी आहे: २१ वा आठवडा, सोनोग्राफीत बाळाच्या पाठीत दोष निघाला

नमस्कार मंडळी, यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहून राहिलो, चुकभूल माफ करा. वहिनीला २१ वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. मंगळवारी तालुक्याला अ‍ॅनोमली स्कॅन केला, डॉक्टर आधी बोलत होते मग एकदम गप्प, परत परत तीच जागा पाहत राहिले अन् मग भाऊला आत बोलावून म्हणे मणका खाली उघडा आहे, डोक्यात पाणी आहे, काढून टाका. पाच मिनिटात बाहेर.

रिपोर्टात लंबोसॅक्रल मेनिंगोमायलोसील (म्हणजे कमरेखाली मणका उघडा राहून नसांची गाठ बाहेर) लिहिलंय, डोक्यातले पाण्याचे कप्पे १२ एमएम, अन् लेमन साइन, बनाना साइन. मले वाटलं टायपिंगची चूक आहे, लिंबू अन् केळं कायले येईल रिपोर्टात.

आई म्हणते गिरानात हातात विळा धरला म्हणून झालं. वहिनी तेव्हापासून धड जेवत नाही. फॉलिकच्या गोळ्या सुरू झाल्या तेव्हा तिसरा महिना लागला होता, त्याआधी कापूस वेचायला जात होती, दिवस गेले हेच माहीत नव्हतं.

रिपोर्ट चुकू शकतो का? बाळ पाय हलवते असं स्कॅनवाले बोलले, मग चालेल ना? ठेवलं तर जन्मल्यावर काय काय करावं लागते, अन् नाही ठेवलं तर किती दिवस आहेत हातात? कोणी यातून गेलं असेल तर सांगा, घाबरवू नका फक्त.

प्रतिसाद १ (स्टाफ नर्स)
भाऊ, लिंबू-केळं खरंच असते. पाठीतून पाणी झिरपते, मेंदूचा मागचा भाग खाली ओढला जाते, मग कवटी समोरून लिंबासारखी चपटी अन् लहान मेंदू केळासारखा वाकडा दिसते. दोन्ही असले तर मणका उघडा असण्याची शक्यता बरीच पक्की. कप्पे १० एमएमच्या आत पाहिजे. तरी फीटल मेडिसिनवाल्याकडे (पोटातल्या बाळाचा तज्ज्ञ) दुसरा स्कॅन कराच, अन् कोणत्या मणक्यापासून उघडं आहे ते विचारा, सगळं त्यावर आहे, जितकं खाली तितके पायात बळ जास्त. पोटात पाय हलले म्हणजे पुढं चालेलच असं नाही.

कायदा २०२१ ला बदलला. अशा दोषासाठी २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचं मत लागते, त्यानंतर मेडिकल बोर्ड. म्हणजे तीन आठवडे आहेत, पण "काढून टाका" हे डॉक्टरनं ठरवायचं नाही, वहिनीनं ठरवायचं. पोटात असतानाच ऑपरेशन हाही प्रकार आहे, २६ आठवड्यांच्या आत, अमेरिकेतल्या चाचणीत वर्षभरात शंट (डोक्यातलं पाणी पोटात उतरवायची नळी) लागणारी बाळं १०० पैकी ८२ वरून ४० वर आली, पण लवकर डिलिव्हरीचा धोका वाढते अन् सगळीकडे होत नाही.

आईला सांगा, बाळाचा मेंदू अन् मज्जारज्जू ज्यातून बनते ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद व्हायची असते, बाईला कळायच्या आधीच. विळ्याचा काही संबंध नाही. पुढच्या वेळी मात्र दिवस राहायच्या आधीपासून ५ एमजी फॉलिक, डॉक्टरला विचारून.

प्रतिसाद २
दादा, माझा मुलगा सहा वर्षांचा आहे, वर्धा जिल्हा. आम्हाला स्कॅनमध्ये कळलंच नव्हतं, जन्मल्यावर पाठीवर लाल गाठ दिसली, तसंच नागपूरला पळालो. दुसऱ्या दिवशी पाठ बंद केली, महिन्याच्या आत डोक्यातून पोटात शंट टाकला. शंट दोनदा बदलला, उलट्या अन् झोप वाढली की शंट बंद पडला का म्हणून माझा जीव उडते. कॅलिपर (पायाला आधाराची पट्टी) लावून चालतो. पायापेक्षा लघवीचं जास्त आहे, दर चार तासांनी कॅथेटर (लघवी काढायची नळी) घालतो नाहीतर किडनी खराब होते, शाळेत मधल्या सुट्टीत मीच जाते. अभ्यासात बरा आहे, भांडखोर लई.

तुमच्या वहिनीनं ठेवावं का नाही ते मी नाही सांगणार, माझ्या जावेला पण नाही सांगितलं. पण ठेवलं तर बाळंतपण गावात नको, जिथं न्यूरोसर्जन आहे तिथंच करा, नागपूरच्या सुपरस्पेशालिटीत चौकशी करा. जिल्हा रुग्णालयात डीईआयसी असते, मुलांच्या जन्मजात दोषांसाठीच आहे, तिथं आधी जाऊन या.

मूळ लेखक
सोमवारी पहाटेच्या एसटीने नागपूरला निघून राहिलो, भाऊ अन् वहिनी दोघंही. ताई तुमचं लिहिलेलं वहिनीला वाचून दाखवलं, शंटचं ऐकून काही बोलली नाही. मग थोड्या वेळानं म्हणे, चार तासांनी म्हणजे रात्री पण उठावं लागते का? सांगा ना ताई.