मदत हवी आहे: शाळेचे जुने पियानो दुरुस्त करावेत की बदलावेत?

नमस्कार मंडळी. आमची शाळा मुंबईत, समुद्राच्या अगदी जवळ. तीन अपराइट, म्हणजे उभ्या पेटीचे, पियानो आहेत, तिन्ही स्वातंत्र्यापूर्वीचे, विलायतेहून आलेले. पालक-शिक्षक संघाकडे थोडा निधी जमलाय आणि निर्णय माझ्या गळ्यात पडलाय.

हॉलमधल्या पियानोचा आवाज अजून भरदार आहे, पण सूर टिकत नाही. ट्यूनर म्हणतात, तारांच्या खुंट्या ज्या लाकडी ठोकळ्यात बसवलेल्या असतात तोच सैल पडलाय. दोनशेहून जास्त तारा, सगळ्यांचा मिळून ताण कित्येक टनांचा. नुसत्या खुंट्या पिळून भागत नाही. जाड खुंट्या घालून बघायच्या, नाहीतर ठोकळाच बदलायचा, म्हणजे सगळ्या तारा उतरवणं आलं. आत्ता तो ४४० हर्ट्झच्या, म्हणजे वाद्यं जुळवायच्या प्रमाण सुराच्या, बराच खाली आहे, बासरीवाल्या मुलांशी जुळतच नाही. चढवायला गेलं तर तारा तुटतील ही धास्ती. दुसऱ्याला वाळवी लागलीय, तो गेलाच. तिसऱ्याला फक्त फेल्ट (आतलं लोकरीचं जाड कापड) आणि तारांवर आपटणाऱ्या हातोड्या हव्यात.

काही पालक म्हणतात, ८८ पट्ट्यांचे डिजिटल घ्या, पावसाळ्याची कटकट नाही. खरंय. पण पियानोच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलांसाठी एक तरी खरा पियानो हवाच, असं माझं मत.

ठोकळा बदलण्याचं काम मुंबई, पुणे किंवा गोव्यात कोणी नीट करतं का? खर्च नव्या अपराइटच्या निम्म्याच्या आत बसतो का? आणि हो, वाळवीवाल्याच्या पट्ट्या हस्तिदंती वाटतात. आपल्याकडे हस्तिदंताची विक्री बंद आहे, मग तो पियानो काढायचा कसा? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.